कोकणात फिरायला नको, राहायला जा: मुंबईकरांसाठी चार रात्रींच्या सुट्टीची तयारी

मुंबईत समुद्र असताना समुद्र बघायला पाचशे किलोमीटर लांब कशाला जायचं, असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. आपण मुंबईत समुद्र बघतो कसा ते आठवा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाय सोडून, पाठीला सगळा ट्रॅफिक, पुढे टेट्रापॉड, आणि पंधरा-वीस मिनिटं झाली की हात आपोआप मोबाईलकडे जातो, लोकल किती वाजताची आहे ते बघायला. दादर चौपाटीला तर वाळूत बसायच्या आधी जागा साफ करावी लागते. अनवाणी चालत निघालो आणि तासभर एक माणूस दिसला नाही, असं आपल्याकडे होत नाही, आणि माझ्या मते कोकणात जायचं पहिलं कारण हेच आहे.

आमचं गाव घाटावरचं, साताऱ्याकडचं. भांडुपला आमच्या चाळीत अर्धी बिऱ्हाडं मालवण-कणकवलीची, मे महिना लागला की सगळी पोरं गावाला जायची आणि जूनमध्ये काळी ठिक्कर होऊन, फणसाचे गरे आणि आठळ्या घेऊन परत यायची. आईला तेव्हापासून कोकण बघायचं होतं. शेवटी काही वर्षांपूर्वी मी तिला घेऊन गेले, पण चूक अशी केली की एका टूरवाल्याचं तीन दिवसात सात ठिकाणं असलं पॅकेज घेतलं. सकाळी सातला गाडीत बसायचं, किनाऱ्यावर अर्धा तास, फोटो, परत गाडी, देऊळ, रांग, परत गाडी. तिसऱ्या दिवशी आईचे गुडघे सुजले आणि परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "मला नुसतं बसायचं होतं गं समुद्राजवळ." ते वाक्य मला फार लागलं. त्यानंतर आम्ही चार वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी एकाच गावात राहिलो, आणि हे सगळं लिहायचं कारण की अजूनही ओळखीतले लोक निघताना मला ठिकाणांची लांबलचक लिस्ट दाखवतात आणि मी त्यातली निम्म्याहून जास्त नावं खोडते.

तर पहिली गोष्ट, एकच गाव निवडा आणि तिथे कमीत कमी तीन, जमलं तर चार रात्री राहा. किल्ला, देऊळ, बाजार हे सगळं त्या गावाच्या आसपास जेवढं असेल तेवढंच.

गाव कुठलं ते तुमच्याकडे दिवस किती त्यावर आहे. दोनच रात्री असतील तर मालवणचा हट्ट धरू नका, जाण्यायेण्यातच दमाल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट साधारण तासाभरात पलीकडे, तिकडून अलिबाग, नागाव, रेवदंडा, बास झालं. तीन रात्री असतील तर दापोली किंवा गुहागर. दापोलीजवळ हर्णैला संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव बघायला मिळतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. गुहागरचा किनारा लांबच लांब आहे, मागे सुरूची झाडं आणि नारळीपोफळीच्या वाड्या, आणि व्याडेश्वराचं देऊळ गावातच. दाभोळची खाडी ओलांडायला दाभोळ-धोपावे जेट्टी आहे, गाडी बोटीत चढते, लहान मुलांना हा प्रवास फार आवडतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तेव्हा समुद्रात सोडतात, राहायची-जेवायची सोय गावातल्या घरांमधेच होते. पण एक लक्षात ठेवा, अंड्यातून पिल्लं बाहेर यायला पन्नास दिवसांच्या आसपास लागतात आणि ती कुठल्या दिवशी वर येतील हे कोणीच सांगू शकत नाही, तुम्ही गेलात त्या सकाळी एकही नसेल असंही होतं, तेव्हा चिडू नका. दोरीच्या मागे उभं राहा आणि फ्लॅश बंद ठेवा.

चार रात्री किंवा जास्त असतील तर मात्र सरळ सिंधुदुर्ग जिल्हा गाठा. मालवण, तारकर्ली, देवबाग, नाहीतर अजून शांत हवं असेल तर निवती, भोगवे, वेंगुर्ला. आम्ही बहुतेक वेळा देवबागेत राहतो. चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड आणि घरं, रात्री दोन्हीकडून पाण्याचा आवाज येतो.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली. आंबा हवा असेल तर एप्रिल-मे, पण उकाडा आणि चाकरमान्यांची गर्दी दोन्ही सोसायची तयारी ठेवा. पावसाळ्यात कोकण दिसतं सगळ्यात सुंदर, हे खरंच आहे, पण तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद, स्कुबा बंद, पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाहीच, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते त्यामुळे ताजी मोठी मासळीही नाही. नुसता पाऊस बघायचा असेल आणि कुळथाची पिठी-भात खाऊन पडून राहायचं असेल तर जरूर जा. गणपतीत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा सल्ला आहे की नका जाऊ, गणपतीत ट्रेनवर पहिला हक्क गावाला जाणाऱ्यांचा.

आता प्रवास. मुंबई-गोवा हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहितीच आहे, मालवणपर्यंत गाडी चालवत गेलात तर पहिला दिवस झोपेत आणि शेवटचा दिवस टेन्शनमध्ये जातो, म्हणून मी ट्रेनच सांगते. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, आणि सकाळी आठला विंडो उघडली की कोकणच्या गाड्या बघता बघता वेटिंगला जातात, तेव्हा आयआरसीटीसीचं लॉगिन आणि आधारचं व्हेरिफिकेशन आदल्या दिवशीच करून ठेवा. सीएसएमटीवरून रात्री अकराच्या सुमाराला कोकणकन्या आहे, सकाळी कुडाळ. दादरहून तुतारी एक्सप्रेस आहे, ती मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते आणि इथे खूप लोक फसतात, शुक्रवारी रात्री निघायचंय म्हणून शुक्रवारचं तिकीट काढतात आणि स्टेशनवर गेल्यावर कळतं की गाडी काल रात्रीच गेली. शुक्रवारी रात्री घरातून निघणार असाल तर तुतारीचं तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. दोनदा वाचा हे.

जाताना रात्रीची गाडी बरी, एक दिवस वाचतो. येताना मात्र दिवसाची मांडवी एक्सप्रेस घ्या आणि खिडकी धरा. कोकण रेल्वे समुद्राच्या कडेने जाते असा खूप जणांचा समज असतो, तसं नाहीये, ती डोंगर पोखरत आणि नद्या ओलांडत जाते. रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे दोन गोष्टी येतात, एक पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल आणि दुसरा करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. १९९८ च्या २६ जानेवारीला ही लाईन पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधी आमच्या शेजारचे लोक एसटीने रात्रभर धक्के खात जायचे ते मी बघितलंय, त्यामुळे त्या पुलावरून जाताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

कुडाळला उतरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे, तेव्हा आजी-आजोबांचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आता मी सगळ्यात महत्त्वाचं जे समजते ते सांगते. कोकणात गेलात की घड्याळ बाजूला ठेवा आणि भरती-ओहोटी बघून दिवस लावा. हे नाही केलं तर होतं काय, तुम्ही मस्त नऊला नाश्ता करून किनाऱ्यावर जाता आणि बघता तर पाणी पार वर आलेलं, चालायला वाळूच नाही, ऊन डोक्यावर, आणि मग म्हणता की इथे बघण्यासारखं काही नाही. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरती किती वाजता ते येतं. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी परत प्रतिपदेपासून सुरू. हा अंदाज आहे, मिनिटाला धरून बसू नका, आणि मुंबईपेक्षा खाली मालवणकडे भरती थोडी लवकर होते, पण घरातल्या कालनिर्णयवर तिथी बघून तुम्ही इथूनच आखणी करू शकता.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्रीकडे असते, म्हणजे ओहोटी बरोबर पहाटे आणि संध्याकाळी, सूर्यास्ताच्या वेळेला. शिवाय उधाणाच्या दिवसात पाणी चढतं जास्त तसं उतरतंही जास्त, म्हणून वाळू खूप लांबपर्यंत उघडी पडते. चालायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. म्हणून मी सुट्टी टाकताना वीकेंडपेक्षा तिथी आधी बघते. अमावास्येचा अजून एक फायदा, हिवाळ्यात कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, पाण्यातल्या नॉक्टिल्युका नावाच्या बारीक जीवांमुळे, आणि चंद्र नसेल तरच ते नीट दिसतं. आम्हाला चार वेळांत एकदाच दिसलं. आईने पाण्यात पाय आपटला आणि पायाभोवती उजेड झाला, मग ती किती तरी वेळ तेच करत राहिली.

पहाटे ओहोटीला गेलात की खाली बघत चाला. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातल्यासारखी दिसेल, मधे एक भोक आणि भोकापासून चारी बाजूंना गोळ्यांच्या रेघा. ती बारक्या खेकड्यांची कामं. वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. दोन-तीन मीटरवर उकिडवे बसा आणि अजिबात हलू नका, मिनिट-दोन मिनिटात सगळे बाहेर येऊन परत कामाला लागतात. आमच्या भावजयीचा सहा वर्षांचा मुलगा, जो घरी दहा मिनिटं एका जागी बसत नाही, तो पाऊण तास बसला होता तिथे. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी परत नवीन. एवढ्यासाठी तरी किनाऱ्यावर गाडी घालू नका, कोणी कितीही म्हणाला की इथे चालते, त्या चाकांखाली हेच सगळं चिरडलं जातं, आणि गाडी रुतली की भरती यायच्या आत काढायला अख्खं गाव गोळा करावं लागतं.

नशीब चांगलं असेल तर सकाळी रापण दिसेल. होडीतून जाळं समुद्रात लांब अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-तीस माणसं ओढत राहतात, तास-दीड तास सुद्धा लागतो. लांबून फोटो काढत बसण्यापेक्षा जवळ जाऊन विचारा, "हात लावू का?" बहुतेक जण हो म्हणतात. मी ओढलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटात तळवे लाल झाले, दोर ओला आणि वाळूने खरखरीत, कंबर मागे टाकून पाय वाळूत रोवायचे आणि सगळ्यांबरोबर मागे सरकायचं. जाळं जवळ आलं की वर घारी गोळा होतात, पाणी खळबळायला लागतं, आणि मग तारली, पेडवे, बांगडे यांचा चकचकीत ढीग, मधे एखादा फुगलेला केंड जो बाजूला टाकतात. मासळीचे वाटे पडतात, ज्याचा त्याचा हिस्सा ठरलेला. तुम्ही ओढलंत म्हणून चार बांगडे हातावर ठेवले तर घ्या, पण मागू नका, तो त्यांचा दिवसाचा पगार आहे.

जेवणाचं. ज्या घरी राहाल तिथेच जेवा आणि आदल्या रात्री सांगा. हॉटेलात गेलं की आपण सवयीने सुरमई-पापलेट म्हणतो, इकडे सुरमईला इसवण म्हणतात, पण घरी मात्र "आज काय मिळालंय?" एवढंच विचारा. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, कुर्ल्या, तिसऱ्यांची सुकी, पेडव्यांचं तिखलं, हे मुंबईत त्या चवीचं मिळत नाही कारण मासा सकाळचा नसतो. तिरफळं रश्श्यात असतात ती चावू नका, जिभेला मुंग्या येतात, बाजूला काढून ठेवायची. शाकाहारी माणसांनी घाबरायचं काही कारण नाही, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, घावणे, फणसाची भाजी, आणि सकाळी आग्रहाने मागून घ्या ते शिरवाळे, तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून. सोलकढी जेवणाच्या शेवटी प्या, आणि ती ताज्या नारळाच्या दुधाची असेल तर थोड्या वेळाने फुटते, म्हणून ठेवून देऊ नका.

पाण्यात उतरायच्या आधी हे वाचाच, यात मी कोणाचं ऐकत नाही. आम्ही ज्यांच्याकडे राहतो त्या काकू एका सकाळी अंगण झाडता झाडता म्हणाल्या, "आज पाण्यात जाव नकात, उधाण आसा." समुद्र मला तरी कालच्यासारखाच दिसत होता. आम्ही नाही गेलो. तिथल्या माणसाने नाही सांगितलं की नाही, वाद घालायचा नाही, कारण तळ कुठे खचलाय आणि ओढ कुठे आहे ते तो रोज बघतो. दोन लाटांच्या फेसामधे एखादा पट्टा गप्प, गडद, फेस नसलेला दिसला तर तिथे पोहणं सोपं वाटतं, आणि बहुतेक वेळा पाणी तिथूनच आत ओढून नेत असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून बुडतात माणसं, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जा आणि ओढ संपली की मग आत या. खाडीच्या आणि नदीच्या मुखाशी ओहोटी लागली असताना अजिबात उतरू नका, सगळं पाणी बाहेर धावत असतं. गणपतीपुळ्याला देवदर्शन झालं की लोक कपड्यांनिशी पाण्यात शिरतात, तिथे बुडण्याच्या घटना झालेल्या आहेत, पाट्या लावल्यात त्या वाचा. दारू पिऊन नाही, अंधारात नाही. स्कुबा करणार असाल तर दमा, कानाचं दुखणं, बीपी काय असेल ते आधी खरं सांगा आणि ट्रेनरला खाणाखुणा दोनदा करून दाखवायला लावा.

एक दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या, आणि सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीने जा. मालवणच्या जेट्टीवरून थोडंच अंतर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं, जवळपास ४८ एकर. बोट अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही, तटाच्या वळणात लपवलाय. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते विहिरींचं, दूधबाव, साखरबाव, दहीबाव, चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोड पाण्याच्या तीन विहिरी. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात हा आहे, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गही आहेत. तटावरून पूर्ण फेरी मारा, घाई करणाऱ्या ग्रुपबरोबर जाऊ नका, बोटवाल्याला परतीची वेळ आधीच विचारून घ्या.

रात्री कुठे जत्रा आणि दशावतार असेल तर काकूंना विचारून ठेवा, कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव सुरू होतात. शाल न्या, रात्रभर चालतं.

बाकी किरकोळ. रोख पैसे न्या, रेंज गेली की यूपीआय पण गेलं. एक जुनी चादर, टॉर्च, टोपी, पायाला चावणार नाहीत अशा सँडल, औषधं मोजून. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं जी नेलीत ती परत आणा, एवढ्या लहान गावात तो कचरा कुठे टाकणार. आंबा घ्यायचा तर ज्याच्या झाडावरचा आहे त्याच्याकडून घ्या, हापूसला २०१८ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आणि तरीही हायवेवर बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत मिळतो. कोकमं, आगळ, काजूगर बचत गटाच्या बायकांकडे चांगले आणि वाजवी मिळतात.

शेवटच्या सकाळी काहीच ठरवू नका. मांडवी दुपारच्या आधी कुडाळला येते, तोवर ओहोटीची वेळ असेल तर परत एकदा खाली जा, नसेल तर पडवीत बसा. आई शेवटच्या दिवशी खुर्ची थेट वाळूत नेऊन बसते, कोणाशी बोलत नाही, आम्ही पण तिला हाक मारत नाही. सुके बांगडे घेतले असतील तर आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि डबा सीटखाली एकदम आत सरकवा, दहा तास डब्यातल्या बाकीच्यांनाही प्रवास करायचा असतो.